बग क्रमांक ४११७

माझं काम भिंतींवर धडकणं.
मालाडला, माइंडस्पेसच्या मागच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर,
रात्री नऊ ते सकाळी सहा.
खेळातली एकेक भिंत तिरकी, पाठमोरी, उडी मारून, ओणवी होऊन
खांद्यानं घासत जायची
आणि कुठे आरपार गेले तर लिहून ठेवायचं.

आई शेजारणीला सांगते, कंप्यूटरमध्ये असते.
खरंच असते.

खेळ भागाभागांनी यायचा.
पहिल्यात शनीच्या एका चंद्रावरची खाण,
दुसऱ्यात खाणीतलं काहीतरी जागं झालेलं.
शेवटी एक दार उघडतं, नुसता उजेड,
आणि अक्षरं: पुढील भागात.
लोक दीड वर्षं त्या उजेडात उभे होते.
मी दाराच्या आत होते, पगारी.

त्या खेळात आपण म्हणजे दोन हात आणि एक बंदूक.
खाली पाहिलं तर पाय नसतात.
पाय कोण काढत बसणार, ऑल्विन म्हणाला, बजेट नाही.
मी म्हटलं, भुताला निदान उलटे तरी असतात.

ऑल्विन तुस्कानो, वसईचा.
तिसऱ्या भागातलं शहर त्यानं बांधलं.
कागदावर परग्रहावरचं,
पण मी चारकोपला वाढलेय,
मला सेक्टर दोनची गल्ली अंधारातही कळते.
तेच डावं वळण, टाकीची तीच तिसरी पायरी फुटलेली,
फक्त वर दोन चंद्र.
विचारलं तर चहा ढवळत राहिला.
"तुमच्याकडे जेवायला आलेलो ना. पावलांनी मोजून घेतलं."

बाबा प्लास्टरच्या कामावर मुकादम होते.
बोटाच्या पेरानं ठोकायचे: भरीव. भरीव. हे पोकळ.
माझ्या भिंतींना ठोकलं तर काहीच येत नाही,
तिसऱ्या भागात आवाज भरायचे राहिले होते.

आमच्या इमारतीखाली पूर्वी कचरा टाकत.
त्याचा वायू अजून वर येतो,
एसीचं तांबं काळं पडतं, मदरबोर्ड मरतात.
आम्ही म्हणायचो, खाणीतलं ते काहीतरी.

मेल पहाटे तीन-चाळीसला आली.
तिसरा भाग होणार नाही.
आभार मानले होते, "पॅशन" हा शब्द तीनदा.
ऑल्विननं हेडफोन गुंडाळला, बॅग उचलली, गेला.
कीबोर्डमागे क्रीम बिस्किटांचा अर्धा पुडा.

माझी शिफ्ट सहापर्यंत होती.
मी शहरात गेले.
रंग न चढलेलं, सगळं करडं,
आणि नाक्यानाक्यावर शत्रू, दोन्ही हात आडवे पसरून.
त्यांना अजून चालायला शिकवलं नव्हतं.
एकावर नेम धरला.
तो तसाच, दोरीवरच्या शर्टासारखा.
बंदूक खाली ठेवायची कळ या खेळात नाही.
तरी एकेक करून सगळ्या दाबून पाहिल्या.

टाकीच्या मागे एक दार आहे, नकाशात नसलेलं.
आठवड्यापूर्वीच मला सापडलेलं.
नियमानं नोंदायला हवं होतं:
बग क्रमांक ४११७. दार उघडतं, पलीकडे काळं.
नोंदलं नव्हतं. का, ते विचारू नका.

आत पाऊल टाकलं.
पडले नाही.
नऊ बाय अकराची खोली, एक खिडकी, पिवळा दिवा.
सबंध शहरात रंग लावलेली तेवढी एकच खोली.
भिंतीला धडकून पाहिलं. पक्की.
चारी कोपरे. पक्के.
मग सवयीनं खाली पाहिलं,
तर पाय.

सरळ. दोन.
डाव्या चपलेच्या अंगठ्याला सेफ्टी पिन,
गेल्या महिन्यात मी लावली होती तीच.

सहाला सर्व्हर बंद झाला.
अर्धा पुडा मी पर्समध्ये टाकलाय.
पिन अजून तशीच आहे.
वसई स्टेशनबाहेर चप्पल शिवून मिळते का,
तेवढंच विचारीन म्हणते.